कोटेशनवर नाव कुठंय?

या महिन्यात पीसी खरेदीबद्दलचे तीनच प्रश्न घेतोय, कारण पहिल्याचं उत्तर लिहिता लिहिता लांबलं. कॉफी घेऊन बसा.

प्रश्न : नमस्कार. वय ६३, कोथरूडला राहतो, बँकेतून रिटायर होऊन तीन वर्षं झाली. लहानपण येरवड्यात गेलं, तेव्हा सायकलवर टांग मारून लोहगावच्या कुंपणापाशी विमानं बघायला जायचो, तो नाद काही सुटला नाही. मध्ये एका मित्राच्या नातवाकडे फ्लाइट सिम्युलेटर हा विमान उडवायचा गेम बघितला, तो मायक्रोसॉफ्टचा २०२४ वाला, आणि डोक्यातच बसलं की हे आपल्या घरी पाहिजे. माझं कम्प्युटरचं ज्ञान म्हणाल तर एक्सेल आणि व्हॉट्सॲप. टिळक रोडच्या बाजूला एका दुकानात गेलो, त्यांनी कागदावर लिहून दिलं ते असं : आय९ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ८ जीबी ग्राफिक्स कार्ड, १ टीबी एसएसडी, ६५० वॅट एसएमपीएस, लिक्विड कूलर, आरजीबी कॅबिनेट, गेमिंग कीबोर्ड-माउस फ्री. एकूण १,६८,०००. मुलगा जर्मनीत असतो, तो म्हणतो बाबा मॉडेल नंबर विचारा. विचारले तर दुकानदार म्हणाला, काका टेन्शन नका घेऊ, टॉपचंच देतो. बायको म्हणते एवढ्या पैशात दोघं खऱ्या विमानानं काशी करून येऊ. काय करू?
— हौशी वैमानिक, कोथरूड

उत्तर : काका, काकूंच्या मुद्द्यात मी पडत नाही, ते तुमचं तुम्ही बघा. पण तुमचा मुलगा शंभर टक्के बरोबर बोलतोय. तो कागद परत एकदा वाचा, त्यावर एकाही वस्तूचं नाव नाहीये. सगळी नुसती आडनावं आहेत.

म्हणजे कसं, आंब्याच्या सीझनला तुम्ही मार्केटयार्डात गेलात आणि समोरचा म्हणाला पाच डझनाची पेटी, हापूस, एवढे एवढे पैसे, तर तुम्ही पहिलं काय विचारणार? देवगड का कर्नाटक? आणि मग पेटी उघडायला लावून वरचा थर बाजूला करून खालचा आंबा हुंगून बघणार, सोडणार थोडीच. मग इथे दीड लाखाच्या वर देताना "टॉपचंच देतो" यावर कसं काय भागतं, सांगा बरं.

आय९ म्हणजे नुसतं "हापूस". २०१८ साली आलेला आय९-९९००के पण आय९ च आणि २०२३ चा आय९-१४९००के पण आय९ च, दोघांत जमीन-अस्मानाचा फरक. बरं, त्या १३ व्या-१४ व्या पिढीच्या आय९ ना २०२४ मध्ये व्होल्टेजचं दुखणं निघालं होतं, लोकांचे पीसी मधेच बंद पडायला लागले, शेवटी इंटेलनं बायोसचा, म्हणजे पीसी सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचा, अपडेट दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तेव्हा घ्यायचाच असेल तर नंबरासकट आणि बायोस अपडेट करूनच. पण मी म्हणतो, तुम्हाला तो लागतोय कशाला?

"८ जीबी ग्राफिक्स कार्ड" हा तर त्याहून भारी प्रकार. ८ जीबी ही कार्डाची स्वतःची मेमरी झाली, त्याची ताकद नाही. २०१७ सालचं आरएक्स ५८० पण ८ जीबीचं मिळायचं, २०२३ चं आरटीएक्स ४०६० पण ८ जीबीचंच आणि २०२५ चं ५०६० पण ८ जीबीचंच. टाकी हजार लिटरची आहे एवढं कळलं, नळाला धार किती ते कुठंय? आणि आणखी एक गंमत ऐका, आरटीएक्स ५०६० टीआय नावाचं कार्ड ८ जीबीमध्ये पण येतं आणि १६ मध्ये पण, नाव तेच, खोकं जवळपास तसंच. त्यामुळे नाव आणि जीबी दोन्ही लिहून घ्यायचं, एकावर भागत नाही.

आता तुमच्या विमानाकडे येऊ. बाकीच्या बऱ्याच गेममध्ये सगळा भार ग्राफिक्स कार्डावर असतो, चित्र काढायचं काम त्याचं. फ्लाइट सिम्युलेटरचं तसं नाही, तिथे पंखांवरून हवा कशी जाते, वारा कुठून आहे, आजूबाजूची विमानं, हवामान हे सगळं हिशोबाचं काम प्रोसेसरवर पडतं आणि तो दमला की कार्ड कितीही महाग असो, लँडिंगच्या वेळी नेमकं चित्र अडखळतं. या कामाला आय९ च्या ढीगभर कोअरपेक्षा (कोअर म्हणजे आत एकदम काम करणारे भाग) जवळची मेमरी, म्हणजे कॅशे, मोठी असलेला प्रोसेसर जास्त उपयोगी पडतो. एएमडीचा रायझन ७ ७८००एक्स३डी, २०२३ चा आहे, त्यात ९६ एमबी कॅशे आहे आणि सिम्युलेटरवाली मंडळी त्याच्यावर जीव टाकतात. तो बजेटमध्ये बसत नसेल तर रायझन ५ ७६०० घ्या, मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग बसतात ती मुख्य पाटी, तोच चालतो, म्हणजे दोन-तीन वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलून मोठा टाकता येतो. कार्ड आरटीएक्स ५०६० टीआय, १६ जीबीवालं, किंवा हात थोडा सैल सोडायचा असेल तर ५०७०. लिक्विड कूलर नको. या प्रोसेसरना चांगला एअर कूलर पुरतो आणि एअर कूलर गळत नाही.

रॅम १६ लिहिलीय ती खोडा. या गेमच्या कंपनीनं स्वतः कमीत कमी १६ आणि चांगलं चालायला ३२ सांगितलीय. आणि ३२ म्हणजे १६ च्या दोन पट्ट्या, एकच ३२ ची नाही, दोन असल्या की दोन रस्त्यांनी ये-जा होते. दुकानदार म्हणेल आत्ता १६ घ्या, पुढे टाकू. एरवी मी पण हेच म्हटलं असतं, पण २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव असे काही पेटलेत की विचारू नका, सगळी मेमरी एआयच्या डेटा सेंटरवाल्यांकडे चाललीय, मायक्रॉन या मेमरी बनवणाऱ्या कंपनीनं तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल हा आपला घरगुती ग्राहकांचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर करून टाकलं. "पुढे टाकू" वर विसंबून राहायचे दिवस नाहीत हे. कोटेशन पण त्या दिवसापुरतंच धरा, सोमवारचा भाव शुक्रवारी मिळेलच असं नाही.

हां, आणि आता कागदावर जे नाहीये ते बघा. मॉनिटर कुठंय? १,६८,००० मध्ये मॉनिटरच नाही काका! विमान बघणार कशात? २७ इंची, १४४० पी चा, म्हणजे जास्त रेखीव चित्राचा, घ्या, कॉकपिटमधली बारीक अक्षरं १०८० पी वर वाचताना चष्मा बदलावा लागेल. जॉयस्टिक नाही, ती लागणारच, कीबोर्डनं विमान उडवणं म्हणजे चमच्यानं आंबा कापणं. लॉजिटेकची एक्स्ट्रीम ३डी प्रो ही साधी सुरुवात आहे, एअरबसची हौस असेल तर थ्रस्टमास्टरची टीसीए साइडस्टिक. विंडोजचं लायसन नाही, ते ओरिजिनल देणार का "टाकून" देणार ते विचारा. यूपीएस नाही. त्यांचा रंगीत दिव्यांचा आरजीबी कॅबिनेट आणि फ्री कीबोर्ड वजा करून हे सगळं बसवायचंय.

एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, यावर कोणी बोलतच नाही कारण ते दिसत नाही, आणि दुकानदाराला पैसे वाचवायला पहिली जागा तीच. नुसतं ६५० वॅट लिहिलं की झालं असं नाही, कंपनीचं नाव, मॉडेल आणि ८० प्लस ब्रॉन्झ किंवा गोल्ड (वीज कमी वाया घालवण्याचं प्रमाणपत्र) असं काही लिहिलेलं पाहिजे. माझा स्वतःचा अनुभव सांगतो, काही वर्षांपूर्वी मी आठशे रुपयांत "५०० वॅट" वाला बिननावाचा घेतला होता, बरोबर पावणेदोन वर्षांनी ऐन पावसाळ्यात एका संध्याकाळी फट्ट आवाज आला आणि जाताना तो मदरबोर्डलाही सोबत घेऊन गेला. दुकानदारानं मान हलवली आणि म्हणाला लाइटचा प्रॉब्लेम असेल. तेव्हापासून मी एसएमपीएसचं खोकं आधी उघडतो आणि बाकीचं नंतर.

यूपीएसचं पण असंच. आपल्याकडे घरोघरी ६०० व्हीए वाला असतो, तो साधारण ३६० वॅटपर्यंत ओढतो, तुमचं विमान टेकऑफला लागलं की मशीन आणि मॉनिटर मिळून त्याच्या आसपास किंवा वर जाणार आणि गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट गेली की यूपीएस पण टी टी करत त्याच क्षणी डोळे मिटणार. १ केव्हीए, म्हणजे १००० व्हीए चा घ्या किंवा मग घेऊच नका. विजेचं बिल म्हणाल तर रोज चार तास, ४०० वॅट धरले तर महिन्याला ४८ युनिट होतात. आकडा मोठा नाही, पण तुमचा वापर शंभर युनिटच्या अलीकडे असेल तर पुढच्या स्लॅबमध्ये जाल, मग काकू विचारतील, तयारीत राहा.

इंटरनेट पण बघून घ्या. २०२४ चा सिम्युलेटर जमिनीचं चित्र जाता जाता नेटवरून खेचतो, चांगलं चालायला ५० एमबीपीएस सांगितलंय. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर खडकवासल्याच्या जागी नुसता हिरवा चिखल दिसतो.

मशीन जोडून झालं की दुकानातच चालू करायला लावा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबायची, टास्क मॅनेजर उघडतो, त्यात परफॉर्मन्स वर क्लिक करा. डावीकडे सीपीयू, मेमरी, डिस्क, जीपीयू अशी नावं येतील, एकेकावर क्लिक केलं की उजव्या कोपऱ्यात मॉडेलचं नाव दिसतं, मेमरीला नुसते जीबी दिसतात. बिल हातात घेऊन एकेक ओळ टॅली करा, तुम्ही तर बँकेतले, टॅली करायला तुम्हाला मी काय शिकवणार. मेमरीवर क्लिक केल्यावर स्पीड लिहिलेला असतो, ६००० ची रॅम घेतली आणि तिथे ४८०० दिसत असेल तर घाबरू नका, रॅम खोटी नाही, बायोसमध्ये एक्स्पो नावाचं सेटिंग चालू करायचं राहिलंय, तिथल्या पोऱ्याला सांगा, दोन मिनिटांचं काम. बिल जीएसटीचं पक्कं, त्यावर प्रत्येक वस्तूचा सिरियल नंबर, आणि सगळी खोकी घरी न्यायची. वॉरंटी प्रत्येक कंपनीची वेगवेगळी असते, दुकान राहील न राहील, बिल आणि खोकं राहिलं पाहिजे. माळ्यावर जागा करा.

घरी नेताना रिक्षात कॅबिनेट उभा धरून बसू नका. कार्ड जड असतं, ते आत आडवं लटकलेलं असतं आणि कर्वे रोडच्या खड्ड्यांत ते स्लॉटवर हिसके खातं. काचेची बाजू वर करून मांडीवर आडवा झोपवा, म्हणजे कार्ड आतमध्ये उभं राहतं आणि वजन सरळ खाली जातं. घरी जुनं कम्प्युटर टेबल असेल, तो खालचा दारवाला कप्पा असलेलं, तर त्या कप्प्यात अजिबात ठेवायचा नाही. एप्रिलमध्ये आपल्याकडे चाळिशी गाठते, त्यात लाकडी पेटीत बंद केलंत तर आत भट्टी होईल.

आणि मग सगळं जोडून झाल्यावर मॉनिटरची वायर कुठे लावताय ते बघा. हसू नका. माझा भाचा वारज्याला राहतो, नवीन पीसी आणला, दोन दिवस रडत होता की मामा, एवढे पैसे घातले आणि गेम स्लाइड शोसारखा चालतो. गेलो, मागे वाकून बघितलं, तर एचडीएमआय वर मदरबोर्डच्या भोकात. म्हणजे कार्ड आत नुसतं बसून होतं आणि प्रोसेसरमधलं छोटंसं ग्राफिक्स बिचारं एकटं राबत होतं. पीसीच्या मागे खालच्या अंगाला, उभ्या रांगेपासून वेगळी, जी आडवी भोकं असतात ती कार्डाची, वायर तिथे लावली आणि दहा सेकंदांत पोराचा चेहरा बदलला. चहा पण पाजला त्यानं.

हे सगळं मॉनिटरसकट तुमच्या १,६८,००० मध्ये बसेल का, ते रॅमच्या त्या दिवशीच्या भावावर आहे. नाहीच बसलं तर ७८००एक्स३डी सोडा, ७६०० घ्या, एसएमपीएस सोडू नका. तीन दुकानांत हीच यादी, मॉडेल नंबरासकट, लिहून द्या आणि समोर भाव लिहून मागा. जो नंबर न लिहिता "टॉपचं देतो" म्हणेल तिथे फक्त पाणी प्या आणि उठा.

एक शेवटची गोष्ट, मुद्दाम उशिरा सांगतोय. तुम्हाला फक्त विमानच उडवायचं असेल, बाकी काही नाही, तर हाच गेम एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि एस या कन्सोलवर, म्हणजे फक्त गेमसाठीच्या खोक्यावर, पण चालतो, घरच्या टीव्हीला जोडून, आणि वरची निम्मी डोकेदुखी संपते. फक्त जॉयस्टिक एक्सबॉक्सला चालणारी आहे ना ते खोक्यावर बघून घ्या, पीसीची प्रत्येक चालत नाही. पीसीवर चित्र जास्त चांगलं, नवीन विमानं आणि विमानतळ टाकायची मोकळीक जास्त. कन्सोल घेतला तर उरलेल्या पैशात काशी होते. आता ठरवा काकूंबरोबर बसून. लोहगावला धावपट्टी १० आणि २८ अशी आहे, वारा पश्चिमेचा असेल तर २८ वर उतरा, म्हणजे नाक पश्चिमेला. येरवडा डावीकडे शोधा.

प्रश्न : मुलगा दहावीत आहे. जीटीए ६ येतोय त्याच्या आधी पीसी पाहिजे म्हणून घर डोक्यावर घेतलंय. मला यातलं ओ की ठो कळत नाही. घेऊ का?
— एक आई, हडपसर

उत्तर : ताई, आत्ता नका घेऊ. हे लिहितोय तोवर कंपनीनं तो गेम फक्त प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स-एस साठी जाहीर केलाय, तारीख १९ नोव्हेंबर २०२६, पीसीचं नाव त्यात नाही. आणि या कंपनीची सवय जुनी आहे, मागचा जीटीए ५ कन्सोलवर सप्टेंबर २०१३ ला आला आणि पीसीवर एप्रिल २०१५ ला. तोपर्यंत नवीन कार्डं येतील, जुनी स्वस्त होतील, निदान तशी आशा करू. शिवाय या सिरीजचे गेम मोठ्यांसाठीचे आहेत, दहावीतल्या पोरासाठी नाहीत, ते त्यालाही माहितीय आणि तो तुम्हाला सांगणार नाही. "पीसीवर कधी येतोय ते दाखव" एवढंच म्हणा त्याला, आणि गंमत बघा.

प्रश्न : दादा, कर्वेनगरला रूमवर राहतो, सेकंड इयर. एक ॲड बघितली, गेमिंग पीसी, आय७, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स, फक्त २२ हजार. व्हॅलोरंट आणि थोडं कोडिंग करायचंय. घेऊन टाकू ना?
— विद्यार्थी

उत्तर : थांब रे. या भावात आय७ असेल तर बहुतेक आय७-३७७० नाहीतर त्याच्याही आधीचा. ३७७० आहे २०१२ चा. आय५, आय७ च्या पुढच्या नंबरातला सुरुवातीचा आकडा म्हणजे पिढी, ३७७० म्हणजे तिसरी, १२४०० म्हणजे बारावी, आणि बाराव्या पिढीचा साधा आय५ या म्हाताऱ्या आय७ ला लोळवतो. "४ जीबी ग्राफिक्स" बहुतेक जीटी ७३० निघेल, ते २०१४ चं आहे, त्यावर पिक्चर बघता येतो, गेमचं नाव काढू नकोस.

बरं, ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी लागते. कोणी जुगाड करून टाकून देईलही, पण व्हॅलोरंट विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या मशीनच्या सुरक्षेच्या दोन सोयी मागतो, त्यातलं टीपीएम २.० या जुन्या मशीनमध्ये नाही, म्हणजे इन्स्टॉल होईल, लोगो दिसेल आणि एरर देऊन बंद पडेल. २२ हजार गेले ना मग.

व्हॅलोरंट हलका गेम आहे, त्याला ग्राफिक्स आतच असलेला रायझन ५ ५६००जी सारखा प्रोसेसर आणि ८ च्या दोन पट्ट्या एवढ्यात पण मजेत चालतो, कार्ड पुढच्या वर्षी टाक. सेकंडहँड बघायचाच असेल तर प्रोसेसरचा आणि कार्डाचा पूर्ण नंबर, आणि चालू असताना टास्क मॅनेजरचा फोटो, एवढं मागव. त्या ॲडवाल्याला आत्ताच मेसेज टाक, "मॉडेल नंबर काय आहे?" म्हणून. उत्तर आलं तर मला पण कळव, माझे असे चार मेसेज नुसत्या दोन निळ्या टिकांवर अडकलेत.